मागची डावी सीट

१

आमचं दुकान जयनगरला नवव्या ब्लॉकात, मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे घर. गाड्यांच्या सीटा, दारांचे पॅड, छताचं कापड, हे काम मी पस्तीस वर्षं करतोय. कापतो मी, मशीनवर शिवते चंद्राबाई, माझी बायको. आम्ही दोघं मूळचे खानापूरकडचे. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि एक कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते ते आता आम्हालाही कळत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी मुग्धा नावाची मुलगी पांढरी गाडी घेऊन आली. पुण्याची. नवरा ध्रुव आणि ती महादेवपुऱ्याला राहतात, दोघंही व्हाइटफील्डला नोकरीला.

"काका, प्रॉब्लेम एकदम सिली आहे," ती म्हणाली. "मागे कुणी नसतं, तरी बेल्ट लावा म्हणून बीप वाजत राहतं. फक्त मागच्या डाव्या सीटचं. सर्व्हिस सेंटरने दोनदा सेन्सर बदलला. शेवटी वैतागून त्यांनी वायरच काढून टाकली."

"मग?"

"मग काय, तरी वाजतंय."

"वायर काढल्यावर वाजायचं नाही ते."

"तेच ना! म्हणून म्हटलं, तुम्ही सीट उघडून बघा एकदा. सोसायटीच्या मराठी ग्रुपवर तुमचा नंबर मिळाला."

गाडी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. मागे उजवीकडे लहान मुलाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. ती त्यांच्या भूमिकाची, पाच वर्षांच्या मुलीची. डावीकडची सीट रिकामी. मी त्या बाजूचं दार उघडलं, वाकलो, आणि दोन सीटांच्या मधला, हात टेकायचा भाग खाली ओढला. त्याच्या मागची शिवण बघितली.

मशीनची शिवण कुणाचीही असू शकते. हाताची नसते. हाताने शिवताना मी दर सातव्या टाक्याला दोरा एकदा मागे घेतो. माझ्या वडिलांची सवय, माझ्या बोटांत उतरलेली. तसं दुसरं कुणी शिवत असेल तर मला माहीत नाही.

मी बोटाने मोजलं. सात. पुन्हा सात.

तेव्हा ही गाडी काळी होती.

"काय झालं काका?"

"काही नाही," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत ठेवा. बघतो."

२

तीन वर्षांपूर्वी आप्पाजी नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. जमिनींचे व्यवहार करायचे. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आवाज इतका हळू की ऐकायला आपल्याला पुढे वाकावं लागे. सोबत त्यांचा ड्रायव्हर गुंडो होता. तो आमच्याच भागातला निघाला, खानापूरच्या पलीकडचा. चंद्राबाई तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी गेली होती.

गुंडोला बाहेर गाडीपाशी पाठवून आप्पाजींनी फोनवर मला एका सिनेमाचा तुकडा दाखवला. हिरो गाडीत एक बटण दाबतो, सीट सरकते, निळा दिवा लागतो आणि बंदुकांची अख्खी रांग वर येते.

"असं जमेल?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

मला हसू आलं. शूटिंगच्या गाड्यांत तसे खण मी दोनदा केले होते. प्लायवूड, वर रेक्झिन, आणि डिकीत एक माणूस दोरी ओढायला बसलेला. मी त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, "सिनेमातला खण लोकांनी बघावा म्हणून असतो, सर. खरा खण कुणालाच दिसायला नको."

"मग खरा करा."

लायसन्स आहे, म्हणाले. मी बघायला मागितलं नाही. पैशाचा मोह नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. मोह दुसराच होता. इतकी वर्षं मी लोकांना दिसणारं काम करत होतो. न दिसणारं काम किती चांगलं जमेल, हे मला बघायचं होतं.

पाच दिवस लागले. खण मधल्या, हात टेकायच्या भागाच्या मागे, एका पिस्तुलापुरता, आत मऊ बनातीचं अस्तर. तो उघडण्याचा एक क्रम होता. डाव्या सीटवर माणूस बसलेला हवा आणि त्याचा बेल्ट लागलेला हवा. मग मागच्या एसीचा पंखा पूर्ण. मग डावी काच दोन बोटं खाली. हे सगळं झाल्यावर त्या शिवणीवर एका जागी बोट दाबायचं, की झाकण सुटायचं. आप्पाजींनी चार वेळा उघडून बंद केलं. पाठ थोपटली. गुंडो पुढेच बसला होता, पण मागे काय उघडतंय त्याचा त्याला पत्ताही लागला नाही. माझी खरी शाबासकी तीच होती.

वर्षभराने पेपरात फोटो आला. होसकोटेच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी उभी, मागच्या डाव्या सीटवर आप्पाजी, बेल्ट लावलेले, कानशिलात गोळी. गाडीत दुसरा माणूस एकच, गुंडो. तो सांगत होता, साहेबांनी स्वतःच मारून घेतली. पण हत्यार कुठेच सापडलं नाही. गुंडोने ते जवळच्या तलावात टाकलं असेल म्हणून दोन दिवस पाणबुडे शोधत होते. गुंडो तुरुंगात गेला.

हत्यार कुठे असू शकतं हे जिवंत माणसांत मला एकट्याला ठाऊक होतं. मी गेलो नाही. मनाला समजावलं, की गोळी लागलेला माणूस पिस्तूल परत जागेवर ठेवून झाकण लावत नाही. म्हणजे ते माझ्या खणात नसणारच. मग जाऊन सांगायचं काय?

या एका वाक्यावर मी दोन वर्षं झोपलो.

३

मुग्धा गेल्यावर मी गाडी दुकानाच्या आत घेतली. सीट खालून उघडली. सेन्सरची वायर खरंच काढलेली होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी चावी फिरवली आणि मागे ठण्‌ठण् सुरू झालं. डॅशबोर्डवर लाल ठिपका, मागची डावी सीट. कुठेतरी दुसरी वायर चिकटली असेल, मी स्वतःशी म्हणालो, आणि तपासलं. नव्हती.

मग मी तेच केलं जे करायला हवं होतं. डाव्या सीटवर बसलो. बेल्ट लावला, ठण्‌ठण् थांबलं. पंखा पूर्ण केला. काच दोन बोटं खाली घेतली. हात मधे नेला आणि बोट शिवणीवर ठेवलं.

आत रिकामं असेल तर मी सुटलो. नसेल तर गुंडो दोन वर्षं माझ्यामुळे आत होता.

सीट गरम होती. गाडी सकाळपासून सावलीत होती, तरीही एखादा माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी गरम. मी बोट काढून घेतलं. बेल्ट सोडला, खाली उतरलो, दार लावलं आणि कपाटाशी जाऊन उगाच पकड शोधू लागलो.

मशीन थांबलं. चंद्राबाई दारातून डोकावली.

"अवो, त्येनी कवापासनं बसल्यात. चा देऊ काय?"

"कोण?"

"गिऱ्हाईक. गाडीत मागं बसल्यात की."

"मीच बसलो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गाडीच्या काळ्या काचेकडे.

"तुम्ही हितं उभारलाईसा," ती हळू म्हणाली. "मग आत कोण हाय?"

मी दार उघडून दाखवलं. सीट रिकामी होती. चंद्राबाई आत गेली, पण मशीनचा आवाज पुन्हा आला नाही.

४

संध्याकाळी ध्रुव आला तो भूमिकाला घेऊनच. घाईत होता.

"झालं का काका?"

"साहेब, चार दिवस ठेवावी लागेल गाडी. मोठं काम आहे."

"चार दिवस? नाही हो. हिची शाळा, आमचं ऑफिस, गाडीशिवाय चालतच नाही. काय निघालं?"

काय सांगू? तोंडात येईल ते मी बोललो. वायरिंग जुनं आहे, आग लागू शकते, म्हटलं. त्याने विचारलं, कुठली वायर, दाखवा. मला दाखवता आलं नाही. मग म्हटलं, निदान मुलीला मागे बसवू नका.

"लहान मूल पुढे बसवू?"

"मग गाडी विका. मी सांगतो, ही गाडी विका."

त्याचा चेहरा बदलला. "अच्छा. आणि घेणारा तुमच्याच ओळखीचा असेल, ना?"

"देवाशपथ तसं नाही हो."

"राहू दे काका. सॉरी, पण आम्ही दुसरीकडे दाखवतो."

भूमिका तोवर आपल्या खुर्चीत चढून बसली होती. ध्रुवने तिचे पट्टे लावले. ती डावीकडे बघून काहीतरी पुटपुटत होती, ओठ नुसते हलत होते.

"काय बोलते ती?" मी विचारलं.

"कन्नड," ध्रुव जरा अभिमानाने म्हणाला. "शाळेत शिकवतात. गाडीत बसली की सुरू. आम्हाला दोघांना ओ की ठो कळत नाही."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. तेव्हा एक हाक मारायची होती, एवढंच. माझ्या तोंडून ती निघाली नाही.

५

बुधवारी मी मुग्धाला फोन केला. ध्रुव जे बोलला त्याबद्दल तिनेच माफी मागितली. "आता बीप वाजत नाही काका," म्हणाली. "सकाळी बघितलं तर मागचा बेल्ट लावलेला होता. भूमिकानेच लावला असेल."

खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेल्या मुलीचा हात दुसऱ्या टोकाच्या बेल्टपर्यंत पोचत नाही.

गुरुवारी तिनेच फोन केला. "तुमच्याकडे एसीला हात लावला होता का? मागचा पंखा आपोआप फुल होतोय."

मी फोन हातात धरून दुकानात उभा होतो. समोर कुणाच्या तरी टॅक्सीची फाटकी सीट होती आणि तिचा स्पंज मी चिमटीने तोडत होतो. बेल्ट. पंखा. अजूनही मी कारणं शोधत होतो. पंख्याचा स्विच अडकला असेल. बॅटरी उतरली असेल.

शुक्रवारी सकाळी मीच फोन केला आणि विचारलं, "मागची डावी काच खाली येते का?"

"तुम्हाला कसं माहीत?" मुग्धाने विचारलं. "थोडीशीच येते. दोन बोटं. वर केली तरी परत येते."

आता एकच गोष्ट राहिली होती. आणि ती करायला बोट लागतं, खरं बोट. मंगळवारी माझं बोट तिथे होतं आणि मी ते काढून घेतलं होतं. आता त्या सीटच्या शेजारी रोज कोण बसतं, हे मला ठाऊक होतं.

"गाडी कुठे आहे?"

"माझ्याकडे. साडेबाराला भूमिकाला शाळेतून घ्यायचंय. का?"

"मी येतो. मी आल्याशिवाय तिला गाडीत बसवू नका. ताई, पाया पडतो तुमच्या."

चंद्राबाईने चपला पुढे केल्या. आदल्या रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं; कुठे जाताय, असं तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "खरं काय ते सांगून टाका तिला."

६

मेट्रो बदलून मी महादेवपुऱ्याला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. उशीर झाला होता. शाळेच्या फाटकाशी जागा नव्हती, मागचे हॉर्न मारत होते, म्हणून मुग्धाने भूमिकाला बसवून गाडी पुढे काढली होती. चौकात मी हात केला आणि ती थांबली तसा पुढच्या सीटवर चढलो. शंभर पावलांवर रस्ता तुंबलेला. ऑफिसच्या टॅक्स्या, पाण्याचे टँकर, कुणीच हलेना.

"आता सांगा," मुग्धा म्हणाली.

मी सांगितलं. आप्पाजी, खण, गुंडो, सगळं. हळू आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. मुग्धाचे हात स्टिअरिंगवर घट्ट होत गेले.

"म्हणजे आत्ता मागे पिस्तूल आहे?"

"असेल. मला माहीत नाही."

"मंगळवारी दिवसभर गाडी तुमच्याकडे होती. उघडून का नाही बघितलं?"

"घाबरलो."

"आणि माझ्या मुलीला त्याच गाडीत जाऊ दिलंत?"

मागे बेल्टचा खटका बसला. कट्. मुग्धाने आरशात बघितलं. मग पंखा वाढत गेला, पूर्ण. मग काच सरकली आणि बाहेरचे हॉर्न एकदम आत आले. एवढ्या गोंगाटातही भूमिकाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"इल्ली ओत्तबेका?"

इथे दाबू का? ती विचारत होती. शाळेचं गाणं नव्हतं ते. ती विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

मी वळलो. ती खुर्चीत तिरकी होऊन, मधला हात टेकायचा भाग खाली ओढून बसली होती. तिचं बोट शिवणीवरून सरकत होतं. तिची नजर डावीकडे, वर, मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तशी. रिकाम्या सीटवर बेल्ट लावलेला होता, आणि तो सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, गोल, ताणलेला होता.

"बेड!" मी ओरडलो. "भूमिका, बेड! नको दाबू!"

ती दचकली. बोट थांबलं.

"मुग्धाताई, तिला घेऊन उतरा. आत्ता!"

मुग्धा उतरली, मागचं उजवं दार उघडून पट्टे सोडले आणि मुलीला छातीशी धरून दोन गाड्यांच्या फटीतून दुभाजकावर जाऊन उभी राहिली. मीही उतरलो. मला पळून जाता आलं असतं. रस्ता ओलांडला की मेट्रो. पण उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहिली असती, दुसऱ्या कुठल्या मुलाचं बोट असतं. आणि गुंडो तसाच आत असता.

मी मागचं डावं दार उघडलं. बेल्ट आता सुटा लोंबत होता, मला जागा करून दिल्यासारखा. मी बसलो.

पाठ टेकली ती सीटला टेकली नाही. रेक्झिन कसं लागतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? हे रेक्झिन नव्हतं. त्याला ऊब होती आणि ते सावकाश फुगत होतं, सावकाश बसत होतं. माझ्या कानामागे, अगदी जवळ, कुणीतरी इतकं हळू काहीतरी म्हणालं की ते ऐकायला मागे वाकावं लागलं असतं. मी वाकलो नाही. मी बेल्ट लावला आणि बोट दाबलं.

झाकण सुटलं. पिस्तूल बनातीत नीट ठेवलेलं होतं, नळी खाली, जसं मी आप्पाजींना ठेवायला शिकवलं होतं. रुमालात गुंडाळून मी ते बाहेर काढलं. पाठीमागचं ते फुगणं त्याच क्षणी थांबलं. श्वास सोडल्याचा आवाज मात्र आला नाही.

७

पोलीस ठाण्यात मुग्धा माझ्यासोबत आली. तिने खरं ते सांगितलं, फक्त मुलगी काय बोलत होती ते सोडून. ते मीही सोडलं. इन्स्पेक्टरांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला. "तो मेल्यावर खण बंद कोणी केला?" तिन्ही वेळा मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं.

माझ्यावर गुन्हा नोंदला गेला, जामीन मिळाला, खटला चालू आहे. पिस्तुलावर ठसे एकट्या आप्पाजींचे निघाले, अहवाल गुंडोच्या बाजूने आला आणि पाच महिन्यांनी तो सुटला. गाडी जप्त आहे. ध्रुव-मुग्धाने पुन्हा गाडी घेतली नाही. मुग्धाने नंतर एकदाच फोन केला. भूमिका आता कन्नड बोलत नाही म्हणाली. शाळेतही नाही. विचारलं तर सांगते, मला येतच नव्हतं.

गुंडो सुटल्यावर आठवड्याभराने सकाळी दुकानात आला. ओळखू येईना, इतका वाळलेला. चंद्राबाईने त्याला चहा दिला. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर तो मागे सरला.

"नको अण्णा. आता करून काय उपयोग? आई गेली माझी, ह्या दोन वर्षांत. खांदा द्यायला बी सोडलं नाही."

मी उभाच राहिलो. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला. इतक्या सगळ्यावर त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"गावाकडं चाललोय," तो म्हणाला. "तुमास्नी एकदा बघायचं होतं, येवडंच."

"मी येतो स्टँडपर्यंत."

"नको."

मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली. गुंडो पिशवी घेऊन दुकानाची पायरी उतरला आणि रिक्षाच्या दाराशी थबकला. आत बघत राहिला. मागे कुणीच नव्हतं. ड्रायव्हर पुढे मीटरशी खटपट करत होता.

गुंडोने मान थोडी झुकवली, पूर्वी आप्पाजींसमोर झुकवायचा तशी.

"सर," तो कन्नडमध्ये अगदी अदबीने म्हणाला, "स्वल्प आ कडे."

साहेब, जरा तिकडे सरा.

क्षणभर थांबून तो कडेला बसला, अंग चोरून, एक पाय जवळजवळ बाहेर ठेवून. बाकीची सगळी सीट मोकळी होती. पिशवी त्याने मांडीवर घेतली. माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. दोन वर्षं रोज तेच करणाऱ्या माणसाचा थकवा होता.

रिक्षा सुरू झाली. तिच्या मागच्या कापडाला प्लास्टिकची लहानशी खिडकी होती. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मी खाली रस्त्याकडे बघत उभा राहिलो.